तीन नंबरचं पार्टिशन

१

रविवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी हॉस्पिटलच्या मोठ्या मशीनमधला एक अख्खा हिस्सा कुणीतरी काढून टाकला. कुणी, ते मशीनने स्वतःच लिहून ठेवलं होतं. फक्त ज्या बाईचं नाव लिहिलं होतं, तिला जाऊन पाच महिने झाले होते.

तिच्या नवऱ्याला हे बुधवारी फोनवर कळलं. घरात तिची कामाची एखादी वही असेल तर घेऊन या, असं सांगण्यात आलं. वही होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर, औषधांच्या रिकाम्या डब्याखाली. पाच महिन्यांत त्यांनी ते स्टूल हलवलं नव्हतं. वही पिशवीत घातली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाले.

ते कोर्टातले टायपिस्ट. तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. न्यायाधीश बोलतील ते टाइप करायचं, साक्षीदार रडत बोलला तरी टाइप करायचं. बोललेलं एक अक्षर सुटायचं नाही आणि न बोललेलं एक अक्षर कागदावर यायचं नाही, एवढाच त्यांचा अभिमान. मशीनमधलं त्यांना काही कळत नव्हतं. ते खातं बायकोचं होतं.

तिने त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. "कपाटाएवढं एकच मशीन, त्यात आठ बोर्ड. मी कमांड देऊन त्याच्या वाटण्या करते. हे दोन बोर्ड तुझे, ते दोन त्याचे. मग प्रत्येक हिस्सा स्वतःला वेगळं मशीन समजतो. भावांनी घर वाटून मध्ये भिंत घालावी तसं. एकाकडे आग लागली तरी दुसऱ्याकडे चहा उकळत असतो."

"आणि भांडण?"

"भिंत नीट घातली तर होत नाही," ती म्हणाली होती. "म्हणून तर मला पगार देतात."

त्या मशीनचे चार हिस्से होते. नोंदणीचा, वॉर्डांचा, नव्या लोकांना शिकवण्यासाठी ठेवलेला ट्रेनिंगचा आणि लॅबचा. तिथली माणसं त्यांना पार्टिशन म्हणत. गेलं ते लॅबचं, तीन नंबरचं.

हॉस्पिटलच्या दारात साहेबांचा शिपाई वाटच बघत होता. मशीनचं सगळं खातं ज्यांच्या हाताखाली, ते हे साहेब. "चला लवकर," शिपाई म्हणाला. "चार वाजता अहवाल जायचाय. त्या पोरीवर पोलीस केस करणार म्हणतात."

"कुठल्या पोरीवर?"

"ऑपरेटर. मॅडमनीच शिकवलेली ती."

टायपिस्टांचे पाय जिन्यातच थबकले. त्या मुलीने शेवटच्या महिन्यात बायकोचे पाय चेपून दिले होते.

२

चौकशीच्या बाई मशीनच्या खोलीला लागून असलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, चष्म्याला दोरी, तोंडात पेपरमिंटची गोळी. त्यांनी अशाच खोल्यांच्या थंडीत तीस वर्षं काढली होती आणि आता ट्रस्टने त्यांना एका दिवसासाठी बोलावलं होतं.

"बसा. तुमच्या मिसेस काटेकोर होत्या असं सगळे म्हणतात. मला काटेकोर माणसांची भीती वाटते. त्यांची चूक शोधायला फार वेळ लागतो."

"ती चुकणाऱ्यातली नव्हती," टायपिस्ट म्हणाले.

"तेच तर म्हणते. वही आणलीत?"

वहीत शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात चार ओळी होत्या. नोंदणी. वॉर्ड. ट्रेनिंग. लॅब. एकाखाली एक, बाकी काही नाही. पासवर्ड कुठेच लिहिलेला नव्हता.

"पासवर्ड डोक्यात ठेवायची," टायपिस्ट म्हणाले आणि तिथेच थांबले. पासवर्ड आणखी एका डोक्यात होता. शेवटचे दोन महिने तिच्या बोटांतली ताकद गेली होती. ती पडल्या पडल्या सांगायची, ते लॅपटॉपवर टाइप करायचे. हॉस्पिटलच्या नियमात ते बसत नव्हतं. तिने त्यांना शपथ घातली होती की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. नाव राहिलं होतं एवढंच. तेवढं तरी जपावं, म्हणून ते गप्प बसले.

ऑपरेटर आत आली. अंगात करडा स्वेटर. टायपिस्टांनी तो लगेच ओळखला. कोपराला ठिगळ होतं, ते त्यांनीच लावलं होतं. मशीनच्या खोलीत थंडी फार, म्हणून तो स्वेटर बायको तिथल्या खुंटीवरच ठेवायची.

"काका, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ऑपरेटर स्वेटरची बाही ओढत म्हणाली.

"राहू दे. तुला बरा बसतो."

"रविवारचं सांग," बाई म्हणाल्या.

"विजेचं काम होतं म्हणून अख्खं मशीन बंद करायचं होतं. पूर्ण बंद, वर्षभरात पहिल्यांदा. एरवी आम्ही एकेक पार्टिशन नुसतं बंद-चालू करतो. मॅडमनी कागद लिहून ठेवला होता, त्यावर बोट ठेवून ओळीने कमांड दिल्या. सहाला सगळं बंद झालं. वीज आली, चालू केलं. नोंदणी आली, वॉर्ड आला. लॅब नाही."

"नाही म्हणजे? बिघडलं?"

"बिघडलं असतं तर दिसलं तरी असतं. यादीतच नव्हतं, बाई. दोन बोर्ड मोकळे, कुणाचेच नाहीत. जणू तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं."

"मॅडमच्या नावाने आत गेली होतीस?"

"माझ्याच नावाने."

"त्यांचा पासवर्ड माहीत होता?"

ऑपरेटरने बाही आणखी खाली ओढली. मग म्हणाली, "हो. शिकवताना माझ्यासमोरच टाइप करायच्या. सहा वर्षं शेजारी बसले, बाई. आंधळी नव्हते मी."

बाईंनी लिहून घेतलं. काचेपलीकडे उभ्या असलेल्या साहेबांनी मान हलवली, जसं काही त्यांचं कोडं सुटलंच.

३

बाई म्हणाल्या, अर्धा तास बाहेर बसा, मग पुन्हा बोलावते. टायपिस्ट खालच्या मजल्यावर आले. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकडं होतं, त्यावर बसले. दार उघडंच होतं. दाराजवळच्या खुर्चीत एक माणूस हाताला नळ्या लावून बसला होता.

"सीट रिकामी नाही, पण उभ्याने गप्पा मारायला हरकत नाही," तो माणूस म्हणाला. बसवर कंडक्टर होता. आठवड्यातून तीनदा चार-चार तास इथे बसायचं, म्हणून रजा संपली होती आणि ओळखी वाढल्या होत्या. "तुम्ही वरच्या चौकशीला आलात ना? माझ्यासाठीच चाललीय ती."

"तुमच्यासाठी?"

"रविवारी सकाळी सातला फोन. किडनी मिळाली, या. माझ्या पोरीने बॅगसुद्धा भरली. इथे आलो तर लॅबचं मशीन गायब. माझे जुळणीचे रिपोर्ट उघडेनात. डॉक्टर अकरापर्यंत धावले. तिकडे किडनी काही थांबत नाही. यादीतल्या पुढच्या माणसाला गेली, दुसऱ्या हॉस्पिटलात." कंडक्टरने नळीकडे बघितलं. "आठ महिने यादीत पहिला आहे मी. पहिला म्हणजे दाराशी उभा. धक्के सगळ्यात जास्त त्यालाच."

"पुन्हा येईल," टायपिस्ट म्हणाले.

"येईल की. शेवटची बस कधी लागते हे कुणाला माहीत असतं?" कंडक्टर हसला. "चोर सापडला की मला दाखवा. मारणार नाही. नुसतं बघायचंय, कसा दिसतो."

वर परतले तेव्हा केबिनमध्ये बॅगवाला बसला होता. मशीन दुरुस्तीच्या कंपनीचा माणूस, खांद्यावरची बॅग कधी उतरवत नसे म्हणून सगळे त्याला बॅगवालाच म्हणत. रविवारी अकराला त्यानेच लॅब पुन्हा उभी केली होती.

"सोपं होतं," तो सांगत होता. "डिस्कवरचा डेटा सगळा शाबूत. भिंत तेवढी पडलेली. एका ओळीची कमांड दिली, हे दोन बोर्ड घे, हे नाव दे, पार्टिशन तयार. सगळ्या धावपळीत कमांडला लागलं ते एक मिनिट."

"आणि ते एक मिनिट यायला पाच तास लागले," बाई म्हणाल्या. "त्याआधी मशीनला हात कधी लावला होता?"

"जुलैत. लॅब मंद चालते अशी तक्रार होती. ट्रेनिंगचं पार्टिशन मॅडमनी काढून टाकलंय, त्याचे बोर्ड मोकळे आहेत, त्यातला एक लॅबला जोड, असं साहेब म्हणाले. कमांड दिली. मशीन नाही म्हणालं."

"का नाही म्हणालं?"

"आधीचा एक बदल अजून बाकी आहे, तो झाल्याशिवाय दुसरा घेणार नाही, असं काहीतरी. अडकतं हो कधी कधी. मी लिहून ठेवलं, पुढच्या पूर्ण बंदच्या वेळी बघू."

बाईंनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "कुठला बदल बाकी आहे, हे विचारलंत मशीनला?"

"नाही."

"एका ओळीचंच काम होतं तेही."

बॅगवाला बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. बाई उठल्या, काचेपाशी गेल्या आणि ऑपरेटरला म्हणाल्या, "जरा यादी काढ. ट्रेनिंगचं पार्टिशन दाखव मला."

ऑपरेटरने कमांड दिली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ते आहे. बंद आहे, पण आहे. कुणी काढलंच नाही. रविवारी मी लॅबच शोधत होते, याकडे बघितलंच नाही."

४

तीन वाजले होते. बाईंनी सगळ्यांना आत घेतलं. साहेब, बॅगवाला, ऑपरेटर, टायपिस्ट. पाच माणसांत केबिन भरून गेली.

"रविवारी कुणीच काही काढलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. "मशीनच्या नोंदीत वेळ आहे, नाव आहे. भुताने कमांड दिली म्हणायची?"

"ऐका. चालू असलेलं पार्टिशन जबरदस्तीने काढायला सांगितलं तरी मशीन ते लगेच पाडत नाही. आत माणसं राहत असताना भिंत कशी पाडणार? ते खूण करून ठेवतं. नुसतं बंद-चालू केलंत तरी खूण तशीच राहते. ज्या दिवशी अख्खं मशीन पूर्ण बंद होतं, त्या दिवशी ते राहिलेली कामं उरकतं आणि नोंदीत लिहितं, अमुकच्या सांगण्यावरून काढलं. सांगितलं कधी, ते जुन्या नोंदीत असतं. पण नोंदी राहतात शेवटच्या दोनशे. रविवारच्या गडबडीत जुन्या सगळ्या पुसल्या गेल्या."

"मग कधी सांगितलं?" ऑपरेटरने विचारलं.

"ते मशीन सांगणार नाही. माणसं सांगतील. चार मार्चला मॅडमनी वॉर्डाच्या पार्टिशनमध्ये एक बदल केला, तो झाला. म्हणजे तोवर काही बाकी नव्हतं. जुलैत यांना मशीनने अडवलं. म्हणजे तेव्हा बाकी होतं. मध्ये मॅडमच्या नावाने आत कोण गेलं? जुने मेल मी सकाळी वाचले. एकोणीस मार्च, दुपारी सव्वातीन. मॅडमचा साहेबांना मेल. ट्रेनिंगचं पार्टिशन काढलं आहे. आणि ट्रेनिंगचं तर जागेवर आहे."

ऑपरेटर काचेतून स्क्रीनवरच्या यादीकडे वळून बघायला लागली. पलीकडे मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"काढायचं होतं ट्रेनिंगचं," बाई म्हणाल्या. "खूण पडली लॅबवर. त्या दिवसापासून लॅब रोज उसन्या आयुष्यावर चालत होती. सहा महिने. कुणालाही कळलं नाही."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "म्हणजे मॅडमच्या हातून झालं. आजारपणात, औषधांच्या गुंगीत. मग झालं तर. गेलेल्या माणसावर कसली केस? पोरगी सुटली, तुमचंही काम झालं, आणि—" त्यांनी टायपिस्टांकडे बघितलं, "गेलेल्याला काय फरक पडतो?"

ऑपरेटर रडायला लागली होती. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होती.

"मला पडतो," टायपिस्ट म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते उभे राहिले होते. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही, आत्ताही चढला नव्हता.

"औषध घेऊनही ती असं चुकणार नाही. नंबर चुकणारी बाई नव्हती ती."

"नंबर कोणीही चुकतं हो," साहेब म्हणाले.

"हा नाही चुकायची. मशीन शून्यापासून मोजतं ना? तीही शून्यापासून मोजायची. घरी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. खालची पायरी शून्य. मी म्हणायचो अकरा पायऱ्या, ती म्हणायची वरची दहावी. लग्नाला वर्षं किती झाली, यावरून दरवर्षी भांडायची. नोंदणी शून्य, वॉर्ड एक, ट्रेनिंग दोन, लॅब तीन. हे तिच्या हाडांत होतं. ट्रेनिंगला तीन कोण म्हणेल? वही उघडून, वरून बोट ठेवून एक, दोन, तीन मोजणारा अडाणी माणूस—"

ते थांबले.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी गोळी चघळणं थांबवलं होतं.

"मी सकाळपासून हेच विचारणार होते," त्या हळू म्हणाल्या. "त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, हातात पेला राहत नव्हता, असं ही मुलगी म्हणाली. मग मेल कोण टाइप करायचं?"

५

ती दुपार त्यांना आता लख्ख आठवली. इतके दिवस आठवली नव्हती, कारण त्या दुपारी काही घडलंच नव्हतं.

दोन रात्री तिला झोप नव्हती. नर्स दुखण्याचं इंजेक्शन देऊन गेल्यावर ती म्हणाली, तेवढं ट्रेनिंगचं काढायचं राहिलंय, उगाच बोर्ड अडलेत. तिने कमांड सांगितली, शब्द न शब्द, त्यांनी टाइप केली. शेवटी नंबर घालायचा होता. "ट्रेनिंगचा घाला. वहीत बघा," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्यांनी वही उघडली. चार ओळी. वरून बोट ठेवून मोजलं. ट्रेनिंग तिसरी ओळ. तीन घातला.

मशीन म्हणालं, हे पार्टिशन चालू आहे, असं काढता येणार नाही.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली. कितीतरी दिवसांनी गेलेली. तिला उठवायला त्यांचा हात गेला आणि मागे आला.

तिला काम करताना त्यांनी खूप वेळा बघितलं होतं. मशीन हट्टाला पेटलं की ती आधी दोन-तीनदा सगळं वाचायची, मग कमांडच्या शेवटी जबरदस्तीचा एक एफ ठोकायची आणि म्हणायची, आता कसं ऐकतं. वाचायची ते त्यांना आठवलं नाही. एफ आठवला.

तेवढं एक अक्षर तिने सांगितलं नव्हतं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न बोललेलं अक्षर टाइप केलं. मशीन गप्प झालं.

तासाभराने ती जागी झाली. "झालं?"

"झालं."

"मशीन काही बोललं?"

"नाही."

"बोललं नाही म्हणजे झालं," ती म्हणाली. "शाबास. साहेबांना मेल टाका."

पहिल्यांदा ते बोललं होतं, ही एक ओळ त्यांनी गाळली. तिची झोप चांगली झाली होती, तिला कशाला घोर लावायचा म्हणून. ती ओळ सांगितली असती तर ती उठून बसली असती. एका मिनिटात खूण पुसली असती. अजून तीन आठवडे होती ती.

केबिनमध्ये त्यांनी हे सगळं सांगितलं. उभ्यानेच, साक्ष द्यावी तसं. बॅगवाल्याने पहिल्यांदाच बॅग उतरवून खाली ठेवली.

"काका," ऑपरेटर म्हणाली, "मला एक फोन केला असता. मी सांगितलं असतं."

"ती झोपली होती गं," ते म्हणाले. "फोनवर बोललो असतो तर जागी झाली असती."

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "हे लिहून द्याल?"

"टाइप करून देतो."

"नीट विचार करा. माझ्या मते पोलिसांकडे जाण्यासारखं यात काही नाही, तसं मी लिहीन. ही मुलगी सुटेल. पण पासवर्ड त्यांनी तुम्हाला दिला, ते नियमाबाहेर होतं. तुमचं नाव आलं की त्यांचं येणारच. मला ते गाळता येणार नाही."

"गाळू नका."

"त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचा कागद तो राहील."

टायपिस्टांनी काचेतून पलीकडे बघितलं. तिची खुर्ची तिथे होती. तिच्या अक्षरातला कागद भिंतीला चिकटवलेला होता, ज्यावर बोट ठेवून त्या मुलीने रविवारी ओळीने कमांड दिल्या होत्या. त्यात एकही चूक नव्हती.

"एक करता येईल," ते म्हणाले. "नंबर तिने घातला नाही, एवढं वेगळ्या ओळीत लिहा."

"लिहिते."

"आणि एफ."

"एफही लिहिते."

ते संगणकासमोर बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची साक्ष टाइप केली होती, स्वतःची पहिलीच. वेग तोच होता. पावणेचारला कागद निघाला. साहेबांनी वाचला, दोनदा वाचला आणि ऑपरेटरला म्हणाले, "जा, कामाला लाग." आवाजात राग नव्हता, दिलासाही नव्हता. चार वाजता अहवाल गेला.

६

निघताना ऑपरेटर जिन्यापर्यंत आली. स्वेटर काढून हातात घेतला होता.

"घेऊन जा, काका."

"वर थंडी असते. राहू दे तुला."

"तुम्ही मला वाचवलंत."

त्यांनी मान हलवली. तिला वाचवलं म्हणजे काय केलं, तर ज्या विहिरीत स्वतःच लोटलं, तिच्यातून वर काढलं. पण ती आधीच वर वळली होती. लॅबचा फोन वाजत होता.

पायऱ्या उतरून ते खाली आले. बाहेर जायचा रस्ता डायलिसिसच्या खोलीवरूनच होता. कंडक्टर तिथेच होता. घड्याळाकडे बघत होता.

"काय हो, मिळाला का चोर?"

"मिळाला."

"कसा दिसतो?"

टायपिस्ट दारातच उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत वही. कंडक्टरने त्यांच्याकडे वरून खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं राहिलं, मग राहिलं नाही. तो काही विचारणार होता, तेवढ्यात त्याच्या शेजारचं यंत्र वाजायला लागलं आणि नर्स मध्ये आली. "सरका जरा बाजूला," ती टायपिस्टांना म्हणाली. तिने नळी बघितली, बटण दाबलं आणि दार ओढून घेतलं.

"किती वेळ आहे अजून?" त्यांनी बंद होणाऱ्या दाराला विचारलं.

"दोन तास," ती म्हणाली.

ते बाकड्यावर बसले. तो बाहेर आल्यावर काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. माफी मागून किडनी परत येणार नव्हती. घरी जाऊनही वाट बघायला कुणी नव्हतं. तो जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच हातात होतं.

त्यांनी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि खिशातली पेन्सिल घेतली. तिच्या अक्षरातल्या चार ओळी. वरच्या ओळीपुढे त्यांनी बारीक शून्य काढलं. मग खाली एक, मग दोन.

शेवटच्या ओळीपुढे तीन लिहायला त्यांना बराच वेळ लागला.